ओढीचा भाव

नूतनीकरणाची सूचना आली तेव्हा सुहास वेळापुरे देवापुढे हात जोडून उभा होता. खिशातला फोन वाजला, त्याने एका डोळ्याने पाहिलं, आणि जोडलेले हात तसेच असताना त्याच्या तोंडून शिवी गेली.

"देवासमोर तरी नको रे," स्वयंपाकघरातून आक्का म्हणाली.

आवाज आक्काचाच होता. स्वच्छ, ठाम, एकेक अक्षर सुटं करून समोर ठेवणारा. सगळी नोकरी तिने कराडच्या बसस्थानकावर माईकपुढे बसून केली होती. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, पाटणमार्गे चिपळूणला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे." पार विट्यापासून कोयनानगरपर्यंतच्या माणसांना तो आवाज ओळखीचा होता. कुंदा वेळापुरे हे नाव फार थोड्यांना माहीत असेल, पण बाजारात तिने भाजीचा भाव विचारला की चार माणसं वळून बघायची.

आता मात्र तो आवाज तिच्या तोंडातून येत नसे. गळ्यातल्या कंठीतून येत असे.

सात वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय लुळा पडला तो व्यायामाने बराचसा परत आला, पण जीभ काही परत आली नाही. तिला सगळं समजत होतं, बोलायचं काय तेही मनात तयार असायचं, आणि तोंडातून मात्र घरघर निघायची. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे धाकट्या भावाच्या, सुहासच्या घरी ती राहायला आली आणि वर्षभर खिडकीशी बसून राहिली. मग स्वरान्वय कंपनीची कंठी बाजारात आली. पहिल्या तुकडीत नाव नोंदवण्यासाठी सुहास स्वतः पुण्याला जाऊन आला होता.

कंठीचं तत्त्व त्याला तिथल्या तंत्रज्ञाने समजावून सांगितलं होतं. माणूस बोलायचं मनात आणतो तेव्हा मेंदू जिभेला, ओठांना, स्वरयंत्राला हुकूम सोडतो. आक्काचा मेंदू हुकूम सोडत होता, पण वाट तुटली होती. तरीही त्या हुकमाचा अगदी थोडा अंश मानेच्या आणि जबड्याच्या स्नायूंपर्यंत झिरपत होता. स्नायू हलवण्याइतका जोर त्यात नव्हता. पण कंठीतल्या केसाएवढ्या बारीक तारांना तो विजेचा थरकाप जाणवायचा. कंठी तो टिपून कंपनीच्या दूरच्या संगणकांकडे पाठवायची, तिथे त्याचे शब्द व्हायचे, आणि पापणी लवायच्या आत ते शब्द कंठीतून बाहेर पडायचे. एसटीकडे आक्काच्या घोषणांची ढीगभर ध्वनिमुद्रणं होती. त्यांवरून तिचा आवाज हुबेहूब घडवता आला.

सुरुवातीला फार चुका व्हायच्या. "पाणी दे" म्हणायला जावं तर "नाणी दे" यायचं, आणि सगळ्यांना हसू फुटायचं. पण कंपनीकडचं यंत्र तिच्या थरकापाची भाषा शिकत गेलं. चेष्टा करण्याआधी ती क्षणभर थांबते, वैतागली की वाक्याचा शेवट गिळते, हेसुद्धा त्याला येऊ लागलं. सहा वर्षांनी ते तिला इतकं ओळखायला लागलं होतं की कुणी पाहुणा आला तर त्याला कंठी हा एखादा जाडसर दागिना वाटावा.

ही सगळी ओळख साठली होती ती कंपनीकडे. दुसऱ्या कंपनीची कंठी घ्यायची तर पुन्हा पहिल्यापासून शिकवायला लागणार, आणि आक्काचं वय आता बासष्ट.

"काय झालं एवढं?" वैजयंतीने विचारलं. ही सुहासची बायको. पोळपाट-लाटणं तसंच ठेवून ती बाहेर आली होती.

"कंठीच्या वर्गणीचे दर वाढवलेत, पुढच्या तीन वर्षांसाठी. एकदम दीडपट. आणि हे बघ, याच्याच खाली जाहिरात! नवीन ग्राहकाला तीच कंठी आपल्या निम्म्यात."

त्याने तिथल्या तिथे कंपनीला फोन लावला. पलीकडून गोड आवाज आला, "नमस्कार सुहासजी! आपण आमच्या परिवाराचे सर्वांत जुने सदस्य आहात. आपल्या निष्ठेबद्दल मनापासून आभार."

"परिवारातल्या माणसाला कोण दीडपट लावतं?"

"आपली भावना मी समजू शकते."

"तू काय समजणार? तू यंत्र आहेस."

"तेही खरंच आहे," आवाज तितक्याच गोडव्याने म्हणाला. "आपली किंमत खास आपल्यासाठी काढलेली आहे. मुदत संपेपर्यंत ती रोज थोडी बदलू शकते. आणखी काही मदत करू?"

सुहास शेती-अवजारांच्या शोरूममध्ये व्यवस्थापक होता. जुनं गिऱ्हाईक दारात दिसलं की तो आधी खुर्ची पुढे करायचा, मग चहा सांगायचा आणि मग दर सांगायचा. तो दर नव्या माणसाला सांगितलेल्या दराच्या थोडा खालीच असायचा. धंदा असा करायचा असतो, असं तो हाताखालच्या पोरांना ऐकवायचा. घासाघीस करण्यात कराडात आपला हात कुणी धरणार नाही याचा त्याला अभिमान होता. त्यामुळे ही दीडपट त्याच्या फार जिव्हारी लागली.

त्याच आठवड्यात मसूरचा अद्वैत इनामदार विजेवर चालणारं कोळपणीचं यंत्र बघायला शोरूममध्ये आला. पुण्यातली नोकरी सोडून तो गावी फळबाग करायला आला होता, एवढं सुहासला माहीत होतं. चहा पिता पिता कंठीचा विषय निघाला, तेव्हा अद्वैतने कप खाली ठेवला.

"स्वरान्वयमध्येच होतो मी. दर काढणाऱ्या विभागात."

"मग सांगा की! जुन्या माणसाला हे असं का?"

"जुना आहे म्हणूनच," अद्वैत म्हणाला. "वेळापुरे, कंपनीकडे दोन यंत्रं आहेत. एक तुमच्या बहिणीचं बोलणं समजून घेतं. दुसरं असं बघतं की हे गिऱ्हाईक किती वाढवलं तर कुरकुरेल पण सोडणार नाही. त्याला आम्ही ओढ म्हणायचो. प्रत्येक घराचा ओढीचा एक अंक असतो. अंक मोठा, तर दर मोठा."

"म्हणजे घरातलं बोलणं ऐकतात?"

"शब्द नाही ऐकत. त्याला कायद्याने बंदी आहे. पण वेळ मोजायला बंदी नाही. त्या बोलल्या की समोरचं माणूस किती पटकन बोलतं, किती वेळ बोलतं, त्यांना परत बोलायला लावतं का, हसतं का. माणसांना एखाद्याची ओढ असली की ती त्याच्या वाक्याच्या शेपटावरच बोलायला लागतात. नसली की मध्ये पोकळी पडते. त्या पोकळ्या मोजायच्या. फार अचूक अंदाज येतो हो. आम्हालाच भीती वाटायची."

"मी भांडलो त्यांच्याशी."

"भांडलात म्हणजे अंक अजून वाढला असेल. सोडून जाणारा माणूस भांडत नाही, गुपचूप जातो. त्या यंत्राला हे पक्कं माहीत आहे."

"मग दर उतरवायचा कसा?"

अद्वैत जरा घुटमळला. "त्यांनी बोलणं कमी करावं. किंवा तुम्ही उत्तरं देणं कमी करावं. मुदतीआधी महिना-दीड महिना. लोक करतात असं. पण मी सांगितलं म्हणून करू नका."

सुहासने घरी येऊन आक्काला हे सगळं रंगवून सांगितलं. थोडे दिवस कमी बोललीस तर कंपनीची जिरवता येईल, असं म्हणाला. आक्काने पूर्ण ऐकून घेतलं. मग क्षणभर थांबून ती म्हणाली, "स्वस्त पडावी म्हणून मुकी बसू? वर्षभर मुकीच होते की रे. तेव्हा तर फुकट होतं."

वैजयंती खळखळून हसली. सुहासलाही हसावं लागलं.

"माझी पेन्शन आहे," आक्का पुढे म्हणाली, "कमी पडलं तर तू घालतोस. महाग तर महाग. मला आता गप्प बसायला सांगू नकोस, सुह्या. काय वाटेल ते सांग, पण ते नको."

"बरं बाई, राहिलं," सुहास म्हणाला.

पण राहिलं नाही. रविवारी भाजी आणायला दोघं कृष्णाकाठच्या बाजारात गेले, तेव्हा त्याने वैजयंतीकडे विषय काढला. आक्काने बोलावं, हवं तितकं बोलावं. आपण दोघांनी फक्त जरा उशिरा, तुटक बोलायचं.

"आणि आक्कांना काय सांगायचं?"

"काही नाही सांगायचं. सांगितलं तर ती मानणार नाही. दीड महिन्याचा तर प्रश्न आहे. एकदा दर ठरला की तीन वर्षं तोच राहतो."

"आपल्याला तेवढी अडचण नाहीये सुहास."

"अडचणीचा प्रश्न नाही. लुबाडून घ्यायचं का?"

वैजयंती गवारीच्या शेंगा निवडत राहिली. मग म्हणाली, "मला नाही बरं वाटत." पण नको असंही ती म्हणाली नाही, आणि सुहासने तेवढ्यावर तिचा होकार धरला.

पहिले दिवस त्याला फार अवघड गेले. सकाळी आक्का म्हणायची, "काल स्वप्नात आप्पा आले होते बघ, हातात कंदील घेऊन," आणि वडिलांचं नाव काढल्याबरोबर त्याच्या जिभेवर प्रश्न यायचा. तो गिळून तो चहाच्या कपात बघत राहायचा आणि बऱ्याच वेळाने म्हणायचा, "हं." आक्का थोडी वाट पाहायची. मग पुढचं स्वप्न ती स्वतःच सांगून टाकायची, घाईघाईने.

फोनवरचा दर हलला. आधी किंचित, मग ठळक. सुहास दिवसातून दहादा बघायचा. पाण्याची पातळी उतरताना धरणातलं बुडालेलं देऊळ दिसायला लागावं तसं त्याला वाटायचं, आणि तो उत्साहाने वैजयंतीला आकडा दाखवायचा.

एक दिवस आकडा वर गेला. तो शोरूममधून तसाच घरी आला आणि बायकोला गच्चीवर घेऊन गेला.

"काल दुपारी काय झालं?"

"काय होणार? आक्का त्या उंब्रजच्या बाईचं सांगत होत्या. कोंबडीला अर्धं तिकीट मागणारी. हसून हसून पोट दुखलं."

"हसलीस! हे बघ. चार दिवसांची मेहनत पाण्यात."

वैजयंतीने फोनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मी हसले त्याचं उत्तर तुला द्यायचं का आता?"

"आता थोडेच दिवस राहिलेत. एवढं नाही जमत?"

तिला ते जमायला लागलं. ती दुपारचा स्वयंपाक रेडिओ लावून करू लागली. आक्का दारात येऊन उभी राहिली की आवाज कमी करायला जाणारा हात ती आवरून धरायची. एकदा सुहासने तिला न्हाणीघरात तोंडावर पाणी मारताना पाहिलं. डोळे लाल दिसत होते. मिरची लागली, असं ती म्हणाली, आणि त्याने ते मान्य करून टाकलं.

आणि मग एक गोष्ट झाली, जी सुहासने पुढे कुणालाही सांगितली नाही. त्याला ते सोपं जाऊ लागलं.

आक्काच्या गोष्टी त्याने शंभरदा ऐकलेल्या होत्या. चुकीच्या गाडीत बसलेलं वऱ्हाड, फलाटावर जन्मलेलं मूल, संपाच्या दिवसांत रिकाम्या स्थानकात केलेल्या घोषणा. इतकी वर्षं तो प्रेमाने, सवयीने, कधी नाइलाजाने "मग गं?" म्हणत आला होता. आता "मग गं?" न म्हणायला त्याला सबळ कारण मिळालं होतं. संध्याकाळी दमून आल्यावर कुणाला उत्तर द्यायचं नाही, ताटाशेजारी फोन ठेवून निवांत जेवायचं, यात त्याला बरं वाटू लागलं. आता तो नाटक करत नव्हता, हे त्याला कळत होतं. एखादे दिवशी ती बोलून गेल्यावर काय बोलली हे त्याला आठवायचंच नाही.

मुदत संपायला आली होती तेव्हाची एक रात्र. जेवताना आक्का म्हणाली, "सुह्या, आज डेपोतून जाधवसाहेब आले होते घरी."

"हं."

"नव्या बसस्थानकाचं उद्घाटन आहे ना. ते म्हणत होते..." ती थांबली. डाव्या हाताने तिने भातावरचं ताक सारखं केलं. "ते म्हणत होते, पहिली गाडी सुटेल तिची घोषणा..."

फोनचा पडदा उजळला. दर आणखी खाली आला होता. नव्या गिऱ्हाइकाच्या दरापेक्षाही खाली. सुहासने आकडा पुन्हा वाचला आणि खुशीत पापडाचा तुकडा मोडला.

"बरं," तो म्हणाला.

आक्का त्याच्याकडे बघत राहिली. मग वैजयंतीकडे. वैजयंती ताटातलं मीठ बोटाने गोळा करत होती.

"काही नाही," आक्का म्हणाली. "भात घे अजून."

दोन दिवसांनी सुहासने नूतनीकरण केलं. दुपारी शोरूममध्ये त्याने सगळ्यांना पडदा दाखवला. अद्वैतलाही फोन करून सांगितलं. अद्वैतने अभिनंदन केलं नाही. "बहीण कशा आहेत?" एवढंच त्याने विचारलं. "मजेत," सुहास म्हणाला, आणि येताना कंदी पेढे घेऊन घरी आला.

आक्का खिडकीशी बसली होती. गळा मोकळा होता. वर्षानुवर्षं पट्टा असलेल्या जागी गोरट्या कातडीचा एक वळसा दिसत होता.

"आक्का, पेढा घे. आणि कंठी काय काढून ठेवलीस? घाल की! बोल काहीतरी."

आक्काने पेढा घेतला, त्यातला अर्धा त्याच्याच तोंडाला लावला आणि डावा हात हलवून खूण केली. राहू दे, नंतर.

नंतर तिने ती घातली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही. टोचते का, बिघडली का, माणूस बोलावू का, असं सुहास विचारायचा आणि ती हसून मान हलवायची. आता तो मुद्दाम तिच्याजवळ बसून बोलायचा, कोंबडीवाल्या बाईचं काय झालं होतं गं, असं विचारायचा. ती त्याचा खांदा थोपटायची, लहान मुलाची समजूत काढावी तसा. वैजयंती या वेळी खोलीत थांबत नसे. जेवताना तिघांत फक्त भांड्यांचा आवाज व्हायचा, आणि आता त्याला तो सहन होईना.

उद्घाटनाला सुहास गेला नव्हता. त्यानंतर चार दिवसांनी सांगलीहून येणारा एक सुटा भाग सोडवायला तो नव्या स्थानकावर गेला. काचेचे फलाट होते, आवाज न करता सरकणाऱ्या विजेच्या गाड्या होत्या, आणि वरून एक परका, गुळगुळीत आवाज गावांची नावं घेत होता. पाटणचा उच्चार त्याने "पाटन" केला तेव्हा बाकावरच्या दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून हसल्या.

"वेळापुरे!" मागून हाक आली. डेपोचे प्रमुख जाधव होते. "कशी आहे आक्कांची तब्येत?"

"बरी आहे की. का?"

"नाही, उद्घाटनाला यायचं त्यांनी रद्द केलं, म्हणून विचारतो. पहिली घोषणा त्यांनीच करायची असं ठरलं होतं. पत्रिकेवर नाव छापलं होतं हो. त्या दिवशी घरी आलो तेव्हा किती हरखल्या होत्या! म्हणाल्या, आज रात्री सुहासला सांगते, तोच मला घेऊन येईल."

सुहासने हातातली पार्सलची पावती दुमडली.

"आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला त्यांचा." जाधवांनी आवाज उतरवला. "म्हणाल्या, माझं बोलणं आता कुणाला ऐकावंसं वाटत नाही, साहेब. घरातल्या माणसांनासुद्धा नाही. त्यांचा काही दोष नाही, मीच तेच तेच सांगते. चारचौघांत कशाला शोभा करून घेऊ? मी म्हटलं, अहो काहीतरीच काय! पण ऐकलंच नाही. झटक्यानंतर माणसाचं मन हळवं होतं म्हणतात. तसंच काही असेल का?"

"असेल," सुहास म्हणाला. जाधवांनी चहाला थांबवलं तर तो नको म्हणाला, आणि सुटा भाग न घेताच बाहेर पडला.

यंत्राला फसवायला निघालो होतो आपण, हे वाटभर त्याच्या मनात येत राहिलं. या घरात या बाईच्या आवाजावाचून कुणाचं अडत नाही, अशी यंत्राची खात्री पटवायची होती. ती पटली. आक्का तर त्याच घरात बसून सगळं बघत होती. तिची खात्री कशी पटली नसती? आणि मोजायला तिला तारा लागत नव्हत्या. साऱ्या आयुष्यात तिने केलं काय, तर न दिसणाऱ्या माणसांशी बोलली. कोण ऐकतंय आणि कोण ऐकत नाही हे तिला जितकं कळत असेल तितकं कुणाला कळणार?

घरी आल्यावर तो चप्पल काढून सरळ तिच्या खुर्चीपाशी गेला आणि खाली फरशीवर बसला. आक्काने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

"जाधव भेटले होते," तो म्हणाला.

तिने खिडकीबाहेर पाहिलं.

"आक्का, तू तेच तेच सांगतेस म्हणून नव्हतं ते. आम्ही ठरवून केलं. म्हणजे मी ठरवलं, वैजूला मी भाग पाडलं. दर उतरावा म्हणून. तू नाही म्हणालीस, म्हणून तुला न सांगता..." त्याला वाक्यं नीट जुळवता येईनात. गिऱ्हाइकापुढे धबधब्यासारखा बोलणारा माणूस, पण अद्वैतने सांगितलेलं, गच्चीवरचं भांडण, त्या रात्रीचा फोनवरचा आकडा, हे सगळं त्याने अडखळत, मान वर न करता सांगितलं. दारात वैजयंती येऊन उभी राहिली होती. तिचा पदर त्याला दिसत होता, तोंड दिसत नव्हतं.

त्याचं संपल्यावर आक्काने कपाटाकडे बोट दाखवलं. त्याने कंठी काढून आणली. पट्टा त्याला नीट लावता येईना, तेव्हा तिनेच डाव्या हाताने तो अडकवला.

तिने घसा साफ केल्यासारखं केलं. त्याची गरज नव्हती, पण ती सवय तिची जुनीच होती.

"म्हणजे," आक्का म्हणाली, "मी कंटाळवाणी झाले नव्हते?"

"नाही गं."

"वैजू, खरं सांग."

"नाही आक्का, अजिबात नाही," वैजयंती म्हणाली.

आक्का हसायला लागली. चेहऱ्याची डावी बाजूच तेवढी हसली, पण कंठीतून आलेलं हसणं पूर्ण होतं, मोठं होतं. "अरे, एवढंच होतं होय! पैशाचंच होतं! आणि मी इथे बसून काय काय मनात आणत होते. म्हटलं, आता कुंदाबाई, तुमचं झालं. म्हटलं, यांना नकोशी झाले मी, पण चांगली माणसं आहेत, तोंडावर बोलत नाहीत." तिने डाव्या मनगटाने डोळे पुसले. "गाढवा, एवढ्यासाठी मला रडवलंस?"

सुहासला ती रागावायला हवी होती. तिने एक थोबाडीत मारली असती तर त्याला मान वर करता आली असती. तिचा चेहरा उजळला होता, लहानपणी तो हरवला आणि परत सापडला तेव्हा जसा उजळला असेल तसा, आणि ते बघणं त्याला अशक्य झालं.

"पण नाटक फार झकास केलंत हं," ती म्हणाली. "मी एवढी लोकांची नस ओळखणारी, मलासुद्धा शंका आली नाही." मग तिचा आवाज मऊ झाला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "दीड महिना रे! मी समोर बोलतेय आणि तू ओठ आवळून बसलायस. तुला तर जन्मात गप्प बसता येत नाही. फार जड गेलं असेल ना तुला?"

वैजयंतीने दारातून त्याच्याकडे पाहिलं. कित्येक दिवसांत तिने त्याच्याकडे असं बघितलंच नव्हतं.

"हो आक्का," सुहास म्हणाला. "फार."

वैजयंती वळली आणि आत गेली.

"मला वाटलंच," आक्का समाधानाने म्हणाली, आणि खुर्चीत सावरून बसत तिने बोलायला सुरुवात केली. दीड महिन्याचं साचलेलं होतं. सुहास तिच्या पायांशी बसून, फरशीकडे बघत, एकेक शब्द ऐकत राहिला.